मूकपटातला विनोद आणि ऑर्गन

आजचा विषय जरा वेगळा आहे. मूक विनोदी चित्रपट चालू असताना तिथेच बसून वाजवला जाणारा ऑर्गन. युरोप-अमेरिकेतल्या काही चर्चमध्ये आजही असे कार्यक्रम होतात. पडद्यावर चॅप्लिन किंवा बस्टर कीटन आणि ऑर्गनवर एकटा वादक.

मी बंगळुरात राहतो. इथे कब्बन रोडवर १८६६ सालचं सेंट अँड्र्यूज चर्च आहे, तिथे जुना पाइप ऑर्गन आहे. या वाद्यात हवा नळ्यांतून जाते. हातांसाठी पट्ट्या, पायांसाठी वेगळ्या पट्ट्या आणि बाजूला खुंट्या. खुंटी बदलली की नळ्यांचा संच बदलतो, म्हणून एकटा माणूस बासरीपासून तुतारीपर्यंत सगळं वाजवतो. सिनेमागृहांसाठी बनवलेल्या ऑर्गनमध्ये तर ढोल, घंटा, शिट्ट्याही असत. चर्चच्या ऑर्गनमध्ये सहसा ते नसतं. शिवाय उंच छताखाली सूर रेंगाळतो. पळापळीच्या प्रसंगात नुसतं भराभर वाजवलं तर गोंगाट होतो. सूर तोडून, मध्ये जागा सोडून वाजवावं लागतं.

फौजेत आम्ही ढोलाच्या ठोक्यावर पाऊल टाकायचो. इथे उलट आहे. पाऊल पडद्यावर पडतं आणि ठोका वादकाने त्यावर द्यायचा.

कीटनचा ‘स्टीमबोट बिल ज्युनियर’ (१९२८) घ्या. वादळात घराची अख्खी दर्शनी भिंत त्याच्या अंगावर कोसळते, पण तो नेमका खिडकीच्या जागी उभा असल्यामुळे वाचतो. वादकाला हे आधीच माहीत असतं. पण त्याने आधीच धोक्याचे सूर लावले तर गंमत गेली. भिंत पडल्यावर हशा येतो, तेव्हा त्याने आवाज उतरवायचा. हशा ओसरला की पुन्हा सूर धरायचा. म्हणजे एक डोळा पडद्यावर, एक कान प्रेक्षकांकडे. आधी रेकॉर्ड केलेलं संगीत हशासाठी थांबत नाही. प्रत्यक्ष वादनाची खरी किंमत हीच.

आपल्याकडेही हे होतं. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ येईपर्यंत आपले चित्रपट मुकेच होते. पडद्याजवळ पेटी-तबलावाले बसत. दादासाहेब फाळक्यांच्या ‘कालिया मर्दन’मध्ये (१९१९) त्यांची छोटी मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली आहे. तिच्या खोड्या आजही हसवतात, कारण तो चित्रपट बराचसा टिकला. पण त्या काळातल्या बहुतेक मूकपटांची रिळं नष्ट झाली. आणि वादकांनी रोज नव्याने वाजवलेलं ते संगीत तर वाजवता वाजवताच हवेत विरलं.

ते परत आणता येणार नाही, नव्याने मात्र करता येईल. त्यासाठी चर्चच हवं असं नाही. संगीत नाटकात साथीला असायचा तो पायाने भाता चालवायचा ऑर्गन आपल्या ओळखीचाच आहे. त्यात नळ्यांऐवजी पेटीसारख्या धातूच्या पट्ट्या असतात, पण सूर लांबवण्याची ताकद तीच. गायकाच्या तानेमागे जाणारा साथीदार कृष्णाच्या खोडीमागेही जाऊ शकेल.

एक प्रयोग घरी करून बघा. एखादा मूकपट लावा, आवाज बंद करा आणि घरात कुणी पेटी वाजवत असेल तर त्याला समोर बसवा. मुलं कुठे हसतात तिकडे लक्ष ठेवायला सांगा. फरक लगेच कळेल.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.