सरस्वतीकाठचे श्रीगोंदे

सुट्टीत आम्ही मुलाबाळांसह श्रीगोंद्याला गेलो होतो. संत शेख महंमद महाराजांच्या समाधीपाशी पोहोचताच धाकट्याने विचारले, "हे मंदिर आहे की दर्गा?" लहान मुलाचा हा प्रश्न आज मोठ्यांनाही पडला आहे, म्हणून त्याविषयी चार शब्द.

पेठ वसते ती पाणी आणि वाट पाहून. मुंबईत माझगाव-डोंगरी समुद्राच्या आधाराने वाढली. कोळी, ख्रिस्ती, खोजे, बोहरी तिथे शेजारी झाले. अहिल्यानगर जिल्ह्याच्या दक्षिणेला समुद्र कुठला! पण सरस्वती नावाच्या लहानशा नदीच्या काठी श्रीगोंदे वसले आणि इथेही तऱ्हतऱ्हेची माणसे एकत्र नांदली. गावाचे जुने नाव चांभारगोंदे. गोविंद नावाच्या एका भाविक चर्मकारावरून ते पडले, असे सांगतात. गावात हेमाडपंती देवळे आहेत. पुढे निजामशाही आली, मराठेशाहीत गाव शिंद्यांच्या जहागिरीत गेले, त्यांचे वाडे उभे राहिले. याच घराण्यातील महादजी शिंदे बीडच्या मन्सूरशहा या सूफी फकिराला गुरू मानत.

शेख महंमदांचा जन्म आजच्या बीड जिल्ह्यातील वाहिरे गावचा. वडिलांचे नाव राजमहंमद, आईचे फुलाई. छत्रपती शिवरायांचे आजोबा मालोजीराजे निजामशाहीच्या चाकरीत होते. त्यांनी शेख महंमदांना गुरू मानून श्रीगोंद्यात आणले, मठ बांधून दिला आणि मकरंदपेठ वसवली, अशी परंपरा आहे. म्हणजे या पेठेची सुरुवातच एका मराठा सरदाराने एका मुसलमान संताविषयी दाखवलेल्या आदरातून झाली.

शेख महंमदांचे गुरू चांद बोधले हे कादरी परंपरेतले सूफी. त्यांची समाधी दौलताबादला आहे. संत एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी हेही चांद बोधल्यांचेच शिष्य, असे परंपरा मानते. त्या नात्याने पैठणचे नाथ आणि श्रीगोंद्याचे शेख एकाच घरचे ठरतात. देहूला तुकोबांच्या कीर्तनाच्या मंडपाला आग लागली, ती शेख महंमदांनी श्रीगोंद्यात बसून विझवली, ही कथा वारकरी मंडळी आजही प्रेमाने सांगतात. कथेवर विश्वास ठेवावा न ठेवावा. पण ती रचणाऱ्या लोकांना ही दोन माणसे एकमेकांच्या दुःखाला धावणारी वाटली, हे तर खरे ना?

आम्हाला सर्वांत मोलाची वाटते ती त्यांची लेखणी. 'योगसंग्राम' हा त्यांचा ओवीबद्ध ग्रंथ शके 1567 मध्ये, म्हणजे इ. स. 1645 साली पुरा झाला. 'पवनविजय' आणि 'निष्कलंकप्रबोध' हेही त्यांचेच. आपण अविंध आहोत, हे त्यांनी लपवले नाही आणि मराठीत लिहिताना ते परकेही झाले नाहीत. "तुम्ही मुसलमान असून इतके चांगले मराठी कसे बोलता?" असे आम्हाला कौतुकाने विचारणारे पुष्कळ भेटतात. त्यांना पावणेचारशे वर्षांपूर्वीच्या या ग्रंथाचे नाव सांगावे. आपल्या घरात तरी ते किती जणांना ठाऊक आहे, हेही स्वतःला विचारावे.

अलीकडे या स्थानाची नोंद आणि जीर्णोद्धार यांवरून गावात वाद झाला, आंदोलने झाली. कायद्याचा भाग कायदा पाहील. परंतु कागदावर कोणतेही नाव लागले, तरी दुसऱ्या बाजूच्या माणसाला उंबऱ्यावर अवघडल्यासारखे वाटू लागले, तर हरणार दोघेही. एकाच ठिकाणी कोणी फातेहा पढावा, कोणी अभंग म्हणावा, ही या गावाची पिढ्यान्‌पिढ्यांची कमाई आहे. ती एकदा मोडली, तर पुन्हा जोडायला मालोजीराजे येणार नाहीत.

धाकट्याला आम्ही सांगितले, "बाळा, इथे शेखबाबा राहत होते. लोक त्यांना आपापल्या रीतीने सलाम करतात." त्याने चप्पल काढली आणि तो आत गेला.