सहा एकरांचं मृत्युपत्र

मृत्युपत्राचा विषय काढला की आपल्या बुलढाणा जिल्ह्यात घरातलं वडीलधारं माणूस म्हणतं, ‘मी काय आताच मरून रायलो?’ आणि बोलणं तिथेच थांबतं. पुढे त्याचा फटका बसतो तो घरात सगळ्यांत कमी बोलणाऱ्यांना: बायकोला, सुनेला, लग्न न झालेल्या लेकीला.

‘सहा एकर कोरडवाहूला कसलं मृत्युपत्र? आपल्यामागे सगळं हिचंच.’

सगळं हिचं होत नाही. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ नुसार मृत्युपत्र न करता माणूस गेला, तर त्याने स्वतः घेतलेली जमीन बायको, मुलगे, मुली आणि हयात असलेली आई यांच्यात सारखी वाटली जाते. दोन मुलगे, एक मुलगी, बायको आणि म्हातारी आई असेल तर पाच हिस्से. सहा एकरांतून बायकोच्या वाट्याला एक एकर आठ गुंठे येतात. तेही मुलांनी वाद घातला नाही तर.

सुनेची स्थिती याहून नाजूक. सातबारा सासऱ्याच्या नावावर, शेत कसणारा मुलगा. आणि तो मुलगाच आधी जातो. २००६च्या पंतप्रधान पॅकेजमध्ये विदर्भातले जे सहा आत्महत्याग्रस्त जिल्हे होते, त्यांत बुलढाणा होता. अशी घरं आपल्याकडे गावोगावी आहेत. जमीन सासऱ्याने स्वतः विकत घेतलेली असेल तर तो हयात असेपर्यंत सुनेचा तीत हिस्सा नाही. तो मृत्युपत्राविना गेला, तर मेलेल्या मुलाचा जो एक हिस्सा, तेवढाच ती आणि तिची लेकरं मिळून घेणार. सासऱ्याने मनात आणलं तर दोन एकर थेट तिच्या नावे लिहून ठेवता येतात. माझ्या मते मृत्युपत्राचा याहून मोठा उपयोग नाही.

‘बँकेत नॉमिनी लावलाय, आता काळजी नाही.’

‘कालनिर्णय’ घराघरांत पोचवणारे ज्योतिर्भास्कर जयंत साळगावकर २०१३ साली गेले. त्यांच्या मागे मृत्युपत्र होतं आणि म्युच्युअल फंडांत नॉमिनी म्हणून लावलेली नावंही होती. नॉमिनी हाच मालक की पैसा वारसांचा, हा वाद मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेला. डिसेंबर २०२३ मध्ये निकाल लागला: नॉमिनी झाल्याने मालकी मिळत नाही. त्याने रक्कम ताब्यात घ्यायची. ती कोणाची, हे मृत्युपत्र किंवा वारसा कायदा ठरवणार. एवढ्या जाणत्या घराला जे दहा वर्षं कोर्टात शोधावं लागलं, ते आपण खातं उघडतानाच समजून घेतलेलं बरं.

‘वडिलोपार्जित जमिनीचं मृत्युपत्र होत नाही.’

स्वतःच्या हिश्श्यापुरतं होतं. दुसऱ्याच्या हिश्श्याचं होत नाही, आणि त्या दुसऱ्यांत मुलीही आल्या. ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क आहे. त्या तारखेला वडील हयात असण्याची गरज नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केलं. बाप स्वकष्टाच्या जमिनीतून लेकीला वगळू शकतो, वडिलोपार्जितातला तिचा हिस्सा मात्र त्याच्या सहीने जात नाही. जिगाव प्रकल्पात किंवा समृद्धी महामार्गात ज्यांची शेतं गेली, त्यांना मोबदल्याच्या वेळी हिश्श्याचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

मुस्लिम कुटुंबांत नियम निराळा: कर्ज आणि दफनाचा खर्च वजा जाता साधारणपणे एक तृतीयांशापुरतंच मृत्युपत्र करता येतं, त्यापुढे वारसांची संमती लागते.

‘स्टॅम्प पेपर, वकील, नोंदणी, हे खर्चाचं काम आहे.’

साधा कागद चालतो, मुद्रांक शुल्क नाही. नोंदणी ऐच्छिक आहे, तरी तालुक्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयात ती करावी. पुढे ‘सहीच खोटी’ म्हणणाऱ्याला सोपं जात नाही. खरी गरज आहे दोन साक्षीदारांची. त्यांच्यासमोर सही किंवा अंगठा व्हावा आणि त्यांनीही सही करावी. साक्षीदार आपल्याहून तरुण, जवळपास राहणारे आणि ज्यांना काही मिळणार नाही असे निवडा, कारण वाद झाला तर कोर्टात साक्ष त्यांनाच द्यायची असते. वय झालं असेल तर डॉक्टरांचा दाखला जोडा. मत बदललं तर नवं करा. शेवटचं ग्राह्य धरतात.

आणि फेरफार मंजूर झाला म्हणजे मालकी ठरली, असंही नाही. ती महसुलाची नोंद आहे. मृत्युपत्रावर तंटा असेल तर निकाल दिवाणी न्यायालयातच लागतो.

‘बाईमाणसाला कशाला हवं मृत्युपत्र?’

तिलाच जास्त हवं. मूलबाळ नसलेली हिंदू विधवा मृत्युपत्राविना गेली, तर तिच्या स्वतःच्या कमाईवर पहिला हक्क तिच्या आईवडिलांचा नाही, नवऱ्याच्या वारसांचा. लग्नानंतर तीन महिन्यांत विधवा झालेली, सासरहून हाकललेली, माहेरी राहून नोकरी करणारी एक बाई १९९६ साली गेली. तिने साठवलेला पैसा २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना दिला. कायद्याचं कलमच तसं आहे. मेहकरची शिक्षिका असो की मोताळ्याची आशा सेविका, तिच्या नावावर प्लॉट असेल, ठेव असेल, तर तिने गट किंवा प्लॉट क्रमांक, खाते क्रमांक, कोणाला किती आणि तारीख एवढं लिहून दोन साक्षीदारांसमोर सही करावी.