ठिपक्याठिपक्याचं चित्र

संगणकावरचा एखादा फोटो मोठा मोठा करत जा. शेवटी नाक दिसत नाही की डोळा दिसत नाही, नुसत्या रंगीत चौकटी दिसतात. अगदी आपल्या गणिताच्या वहीसारख्या. अशा एका चौकटीला पिक्सेल म्हणतात. १९५७ साली अमेरिकेत रसेल किर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचा फोटो संगणकात घातला, तेव्हा त्यात उभ्या १७६ आणि आडव्या १७६ एवढ्याच चौकटी होत्या. गुणाकार करून बघा, ३०,९७६ येतात. आजच्या मोबाइलच्या फोटोत त्या कोटीच्या घरात असतात.

संगणकाला रंग कळत नाही, आकडे कळतात. प्रत्येक चौकटीत तांबडा, हिरवा आणि निळा असे तीन आकडे असतात, प्रत्येक ० ते २५५. तिन्ही शून्य म्हणजे काळा, तिन्ही २५५ म्हणजे पांढरा. आता गंमत बघा. आपल्या जालन्याच्या पिकल्या मोसंबीसाठी पिवळा रंग हवा, तर तांबडा २५५, हिरवा २५५ आणि निळा ०! रंगपेटीतले तांबडा नि हिरवा कालवले तर चिखल होतो. पण पडद्यावर रंग नसतो, उजेड असतो. तांबडा आणि हिरवा उजेड मिळून पिवळा दिसतो.

या चौकटी बदलायला पायथॉन भाषेत 'पिलो' नावाचा आज्ञांचा संच आहे. (पिलो म्हणजे उशी! जुना संच 'पिल' होता, त्यावरून २०१० साली हे नाव आलं.) 'गेटपिक्सेल' ही आज्ञा चौकटीतले आकडे सांगते, 'पुटपिक्सेल' नवे आकडे घालते. जागा सांगताना आधी डावीकडून उजवीकडे मोजायचं, मग वरून खाली, आणि सुरुवात शून्यापासून. म्हणून १०० चौकटी रुंद चित्रात शेवटची चौकट ९९ वी. १०० लिहिलं की संगणक अडून बसतो.

याचा उपयोग काय? समजा, आजोबांच्या जुन्या काळ्यापांढऱ्या फोटोत गालावर एका चौकटीएवढा पांढरा डाग आहे. अशा फोटोत चौकटीला एकच आकडा पुरतो. भोवतालच्या आठ चौकटींत ९०, ९२, ९४, ९०, ९६, ९८, ९२, ९२ असे आकडे आहेत. बेरीज ७४४, भागिले ८, उत्तर ९३. डागाच्या जागी ९३ घातले की डाग गेला! डाग मोठा असेल तर कडेपासून आत आत जायचं, कारण मधल्या चौकटीचे शेजारीही पांढरेच असतात.

मात्र डागाखाली तीळ होता की सुरकुती, हे संगणकाला ठाऊक नसतं. तो शेजाऱ्यांवरून अंदाज भरतो. तेव्हा पालकांनो, मूळ फोटो तसाच जपून ठेवा, दुरुस्ती नकलेवर करा. आणि ती नक्कल 'पीएनजी' प्रकारात साठवा. 'जेपीजी' प्रकार जागा वाचवायला आठ बाय आठ चौकटींचा गठ्ठा करून आकडे थोडे थोडे बदलतो. मग आपण एकच चौकट बदलली, तरी तिच्या शेजारणीही हलतात.