आई गेलेल्या लेकीला ऐकावी लागणारी वाक्यं

आई गेल्याचं कळताच लेक माहेरी धावते आणि पोचल्या क्षणापासून कामाला लागते. बाबांची रक्तदाबाची गोळी दिली का, गुरुजींनी दिलेली यादी कुणी आणायची, पाहुण्यांना चहा झाला का, सगळं तिलाच विचारतात. समाचाराला येणारे बाबांजवळ आणि भावाजवळ बसतात. तिच्या वाट्याला येतात ती पाच ठरावीक वाक्यं. बोलणाऱ्यांच्या मनात वाईट नसतं, पण समजूत चुकीची असते.

‘तू आता सासरची. तुला सुतक तीनच दिवस.’

विवाहित मुलीला आईवडिलांचं सुतक तीन दिवस आणि मुलाला दहा, ही जुनी रीत. देवाधर्माला किती दिवस हात लावायचा नाही, एवढंच ती सांगते. दुःख किती दिवस करायचं, हे तिनं कधीच ठरवलेलं नाही. तरी चौथ्या दिवशी सासरहून फोन येतो, ‘कधी निघतेस?’

खरं तर लेकीचं दोन्हीकडून जातं. आईबरोबर माहेरपणही संपतं. भाऊ-वहिनी कितीही मायेचे असोत, न कळवता जाऊन दोन दिवस नुसतं लोळायचं, ‘काय झालं’ असं कुणी विचारायच्या आत ताट पुढे यायचं, ते पुन्हा होत नाही. कैरीच्या लोणच्याला मीठ किती, हे विचारायला हात मोबाइलकडे जातो आणि ‘आई’ या नावावर थांबतो. आई गेल्यानंतर काही वर्षांनी लेक बाळंत झाली, की तेच दुःख नव्यानं उसळतं. ‘अजून सावरली नाहीस?’ हा प्रश्न तेव्हा तिला विचारूच नये.

‘दुःखाचे पाच टप्पे असतात. ते झाले की सुटलीस.’

नकार, राग, देवाशी घासाघीस, खिन्नता आणि स्वीकार हे टप्पे एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी 1969 मध्ये मांडले, ते स्वतःच्या मरणाला सामोऱ्या जाणाऱ्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना ते नंतर लावले गेले, आणि सगळ्यांनी त्याच क्रमानं त्यातून जावं असं आपल्याला म्हणायचं नव्हतं, हे पुढे त्यांनीच स्पष्ट केलं.

मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट यांनी 1999 मध्ये सांगितलेली गोष्ट मला जास्त खरी वाटते. माणूस दुःख आणि रोजचं जगणं यांत सारखा ये-जा करतो, आणि ही ये-जाच त्याला सावरते. सकाळी आईचं कपाट आवरताना तिच्या साडीत तोंड खुपसून रडलेली बाई दुपारी ऑफिसात हिशेब चोख करते आणि संध्याकाळी लेकराच्या बोलण्यावर खळखळून हसते. ‘हसू कसं येतं हिला?’ असं लोकांनी म्हणू नये आणि तिनंही स्वतःला म्हणू नये.

‘खंबीर राहा, बाबांकडे बघ.’

मला सर्वांत जास्त खटकतो तो हा सल्ला. बाबांकडे ती बघतेच आहे. तिच्याकडे कोण बघतंय? याच्या उलट ‘रडून मोकळी हो’ हेही सगळ्यांना लागू पडत नाही. काहींना रडू येतच नाही, म्हणून माया कमी होती असं नव्हे. वर्षानुवर्षं आजारी आईचं अंथरुणातलं सगळं केलेल्या लेकीला ती गेल्यावर सुटल्यासारखं वाटतं. तसं पुष्कळांना वाटतं, त्यात पाप नाही.

दुःख अंगातही उतरतं. झोप उडते, भूक मरते, छाती जड होते. जबर मानसिक धक्क्यानं हृदयाचा स्नायू तात्पुरता दुबळा पडतो, त्याला ताकोत्सुबो म्हणतात. लक्षणं हार्ट अटॅकसारखीच असतात आणि पाळी गेलेल्या स्त्रियांत हा विकार अधिक दिसतो. म्हणून छातीत दुखलं तर ‘मनाचं आहे’ म्हणून झोपून राहू नका, डॉक्टरांकडे जा.

‘वर्षश्राद्ध झालं. आता आठवणी काढू नकोस.’

गेलेल्या माणसातून मन काढून घेणं म्हणजे सावरणं, हा विचार फ्रॉइडच्या 1917 मधल्या लेखापासून रुजला. 1996 मध्ये क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन यांनी संपादित केलेल्या पुस्तकानं त्याला आव्हान दिलं. नातं तुटत नाही, त्याचं रूप बदलतं आणि ते टिकवण्यात आजारपण नाही, असं त्यांनी दाखवलं. आपल्याकडे अविधवा नवमीला सवाष्ण जेवू घालताना घरोघर हेच तर होतं.

मात्र सहा महिने उलटून गेल्यावरही जवळजवळ रोज तीच तीव्र ओढ असेल, मृत्यू मान्यच होत नसेल, घर-नोकरी ठप्प झाली असेल, तर त्याला जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत दीर्घकालीन शोकविकार म्हणून स्वतंत्र जागा आहे. अमेरिकन मनोविकार संघटना प्रौढांसाठी हीच मुदत एक वर्षाची धरते. त्यावर उपचार आहेत. जीव नकोसा वाटत असेल तर मात्र एक दिवसही थांबू नये. सरकारच्या टेलि-मानसचा 14416 हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

‘एवढी सही करून टाक, वाद नकोत.’

दुःखात बुडालेल्या लेकीपुढे हक्कसोडपत्र सरकवलं जातं, कधी तर तेराव्याच्याही आधी. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे, मृत्युपत्र न करता गेलेल्या आईच्या मालमत्तेत मुलगे, मुली आणि हयात असलेला नवरा यांचा सारखा वाटा असतो. मुलीचं लग्न झालं म्हणून तो जात नाही. हक्क सोडायचाच असेल तर ती तिची मर्जी, पण तेराव्याच्या आत सही व्हावी असं कुठलाच कायदा म्हणत नाही. एकदा नोंदणी झाली की मागे फिरणं फार कठीण. ‘कागद घरी नेते, वाचून, वकिलाला दाखवून सांगते,’ असं तिनं खुशाल म्हणावं.