गाडीवर हॅम रेडिओचा अँटेना लावताय? काठी निवडण्याआधी गाडीचा टप बघा!

घाटात किंवा हायवेवर तुम्ही कधीतरी अशी गाडी पाहिली असेल. टपावर हात-दीड हात लांबीची बारीक काळी काठी आणि वेगामुळे ती मागे झुकलेली. गाडी पोलिसांची नाही, न्यूज चॅनेलचीही नाही. मग ती आहे तरी कुणाची?

ती एखाद्या हौशी रेडिओवाल्याची असू शकते. जगभर यांना ‘हॅम’ म्हणतात. सरकारची परीक्षा द्यायची, परवाना घ्यायचा आणि स्वतःच्या रेडिओवरून जगाशी बोलायचं, असा हा छंद. भारतात परवान्यासोबत व्हीयू२ किंवा व्हीयू३ ने सुरू होणारी ओळख मिळते, तिला कॉलसाईन म्हणतात. माजी पंतप्रधान राजीव गांधीही हॅम होते. त्यांची कॉलसाईन होती व्हीयू२आरजी.

पण हा नुसता टाइमपास नाही. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली, तेव्हा भारती प्रसाद या हॅम ऑपरेटर पोर्ट ब्लेअरमध्ये होत्या. अंदमानचे फोन बंद पडलेले असताना त्यांच्या रेडिओवरून निरोप बाहेर जात होते. आपल्याकडे १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतरही हॅम मंडळी मदतीला धावली होती.

अशा वेळी गाडीतला रेडिओ फार कामाचा असतो. त्याला घरातल्या विजेची गरज नाही, कारण बॅटरी सोबतच आहे. जिथे निरोप पोहोचवायचा तिथे गाडी जाऊ शकते. अट एकच, अँटेना नीट बसवलेला हवा.

वॉकीटॉकी घेऊन गाडीत बसलं तर नाही का चालणार?

चालेल, पण फार लांब नाही. गाडी म्हणजे लोखंडी पेटी. आत बसून पाच वॅटचा हँडसेट बोलायला लागला, की त्याच्या लहरी चारही बाजूंनी पत्र्यावर आपटतात आणि खिडक्यांमधून जेवढ्या निसटतील तेवढ्याच बाहेर जातात. त्यात हँडसेटचा रबरी अँटेना मुळातच तोकडा. तोच हँडसेट टपावरच्या अँटेनाला जोडला, तर फरक लगेच कानाला कळतो. म्हणून नवा, जास्त वॅटचा रेडिओ घेण्याआधी बाहेरचा अँटेना लावणं जास्त फायद्याचं.

आणि हो, टपावर कंपनीने दिलेला ‘शार्क फिन’ यासाठी वापरू नका. तो एफएम, जीपीएस वगैरेंचे सिग्नल घेण्यासाठी असतो. त्यातून बोलायचा प्रयत्न केला, तर त्याचं आतलं सर्किट तर जाईलच, वर रेडिओलाही धोका.

काठी म्हणजे अर्धाच अँटेना!

नवीन माणूस नेमका इथेच फसतो. त्याला वाटतं अँटेना म्हणजे ती काठी. खरं तर काठी हा अर्धा भाग आहे. उरलेला अर्धा भाग म्हणजे गाडीचा पत्रा!

का ते बघू. भारतात हॅम लोकांचा सगळ्यात लाडका स्थानिक पट्टा म्हणजे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ. तरंगलांबी काढायचं सूत्र सोपं आहे. ३०० ला मेगाहर्ट्झने भागायचं. ३०० भागिले १४५, म्हणजे साधारण २.०७ मीटर. म्हणून या पट्ट्याला ‘दोन मीटर’ म्हणतात. सगळ्यात साधा अँटेना याच्या पाव भागाचा असतो. हिशोबाने ५२ सेंटीमीटर, प्रत्यक्षात जेमतेम ५० सेंटीमीटर.

आता या पाव तरंगलांबीच्या काठीत वीज वर धावते, तेव्हा तेवढीच वीज उलट बाजूला धावायला जागा लागते. ती जागा पत्रा देतो. याला ग्राउंड प्लेन म्हणतात. काठीच्या चारही बाजूंना निदान काठीच्या लांबीइतका पत्रा असला तर उत्तम. म्हणजे दोन मीटर पट्ट्यासाठी दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मीटर. गाडीचा टप साधारण तेवढाच रुंद असतो. म्हणून टपाचा मधोमध ही अँटेनाची सर्वोत्तम जागा.

पत्रा नसेल, तर महागातली काठीसुद्धा लंगडी पडते.

मग आधी काय बघायचं?

खरेदीला निघण्याआधी एक छोटा चुंबक घ्या आणि गाडीभोवती फिरून या. टपाला चिकटतो का? काही गाड्यांना ॲल्युमिनियमचा किंवा फायबरचा टप असतो. आणि हल्लीची खरी अडचण म्हणजे पॅनोरमिक सनरूफ. अर्ध्याहून जास्त टप काचेचा! काचेवर ना चुंबक चिकटत, ना ती ग्राउंड प्लेनचं काम करत.

या चुंबकाच्या परीक्षेवरून पुढचं ठरतं. अँटेना बसवायचे मुख्य प्रकार तीन.

१. चुंबकी माउंट. खाली जड चुंबक, वर काठी. टपावर ठेवलं की झालं. भोक नाही, मिस्त्री नाही. नव्या माणसाने सुरुवात यानेच करावी. पण चुंबकाखाली धूळ अडकली तर रंगावर ओरखडे येतात. म्हणून अधूनमधून उचलून दोन्ही बाजू पुसा. आणि तो टपावर फरपटत सरकवू नका.

२. डिकी किंवा बॉनेटच्या कडेचं माउंट. सनरूफवाल्यांचा आधार. पत्र्याच्या कडेला स्क्रूने आवळतात. इथली हमखास चूक म्हणजे रंग खराब होईल म्हणून स्क्रूखाली रबर ठेवणं. मग धातूला धातू लागतच नाही आणि अँटेना अर्धाच राहतो. स्क्रूचं टोक रंगाखालच्या पत्र्यापर्यंत पोहोचायलाच हवं. नंतर तिथे गंजरोधक रंगाचा हात फिरवा. डिकीचं झाकण नुसत्या बिजागरीवर असतं, म्हणून झाकणापासून गाडीच्या सांगाड्यापर्यंत जाड तारेची पट्टीही जोडतात.

३. भोक पाडून पक्कं माउंट. याचा एनएमओ नावाचा प्रकार प्रसिद्ध आहे. त्याला पाऊण इंची, म्हणजे १९ मिलिमीटरचं भोक लागतं. कामाला सगळ्यात चोख आणि वर्षानुवर्षं टिकणारं. पण नव्या गाडीच्या टपाला ड्रिल लावायला काळीज लागतं. घरच्यांची परवानगी हा आणखी वेगळा विषय! वॉरंटीवर काय परिणाम होईल, हे शोरूमला आधी विचारून घ्या. आणि ड्रिल लावण्याआधी टपाच्या आतलं अस्तर खाली घेऊन बघा. वायरी आणि एअरबॅग तिथेच असतात.

टपावरच्या कॅरिअरच्या दांडीला अँटेना लावायचा मोह अनेकांना होतो. पण त्या दांड्या पुष्कळदा प्लास्टिकच्या असतात किंवा रबरावर बसवलेल्या असतात. पत्र्याशी त्यांचा संबंधच नसतो. तिथेच लावायचं असेल, तर पत्र्याची गरज कमी असलेला, अर्ध्या तरंगलांबीचा अँटेना मागा.

लांब अँटेना, जास्त रेंज?

दुकानात पहिला प्रश्न असतो, “गेन किती?” आणि मोठा आकडा ऐकला की पाकीट उघडतं. जरा थांबा.

अँटेना नवी ताकद तयार करत नाही. तो असलेली ताकद फक्त एका दिशेला दाबतो. भाकरी थापल्यासारखं समजा. पीठ तेवढंच, भाकरी मोठी केली की पातळ होणार. जास्त गेनचा अँटेना लहरींना क्षितिजाकडे चपट्या करतो. सोलापूरच्या सपाट माळावर हे छान. पण तुम्ही सह्याद्रीच्या पायथ्याशी उभे आहात आणि तुमचा आवाज झेलून पुढे पाठवणारं यंत्र, म्हणजे रिपीटर, डोंगराच्या डोक्यावर आहे. तेव्हा लहरी वरच्या दिशेनेही जायला हव्यात. अशा जागी ५० सेंटीमीटरची साधी काठीही महागड्या अँटेनाला भारी पडू शकते.

आणखी एक गंमत. गेन ‘डीबीआय’मध्ये सांगितला की ‘डीबीडी’पेक्षा तोच अँटेना २.१५ ने मोठा दिसतो. तुलना करताना दोन्हीकडे एकच एकक आहे ना, ते बघा.

उंचीचाही विचार करा. उंच एसयूव्ही आणि वर मीटरभर काठी म्हणजे सोसायटीच्या बेसमेंटमध्ये रोज टकटक. दुमडता येणारा अँटेना याच कारणासाठी घेतात. लांब पल्ल्याच्या पट्ट्यांचे अँटेना तर याहून उंच. ७ मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी साडेदहा मीटर भरते! म्हणून कॉईल घालून काठी आखूड करतात आणि त्यात बरीच ताकद वाया जाते. अशी उंच काठी घेऊन रेल्वे फाटक ओलांडू नका. वरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात. काठी आधी उतरवा.

वायरमध्ये पैसे वाचवू नका

रेडिओपासून अँटेनापर्यंत कोॲक्स केबल जाते. हॅम रेडिओला ५० ओहमची केबल लागते. घरात उरलेली टीव्हीची केबल ७५ ओहमची असते, ती जोडू नका.

आरजी-५८ ही नेहमीची बारीक केबल. तिच्या पाच मीटरमध्ये १४५ मेगाहर्ट्झला साधारण पाचवा हिस्सा ताकद जिरते. ४३५ मेगाहर्ट्झला तर एक तृतीयांशाच्या आसपास. म्हणून केबल लागेल तेवढीच ठेवा आणि कनेक्टरला डाख नीट द्या.

केबल आत घेताना दाराच्या रबरी पट्टीतून घेतात. दार बंद करताना ती चिरडत नाही ना, ते बघा. आत येण्याआधी केबलला खाली एक छोटा झोळ द्या, म्हणजे पावसाचं पाणी तिथूनच गळून जाईल. कोकणातल्या पावसात हा झोळ विसरलात, तर पाणी थेट सीटवर.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दरवाजाजवळच्या खांबात आणि टपाच्या कडेला पडद्यासारखी एअरबॅग असू शकते. केबल तिच्या समोरून जाता कामा नये. रेडिओही एअरबॅगच्या वाटेत बसवू नका. अपघातात तो थेट तोंडावर येईल.

बोलण्याआधी मोजा

अँटेना बसवला की लगेच माईक हातात घेऊ नका. आधी एसडब्ल्यूआर मोजा. पाठवलेल्यातली किती ताकद परत येते, हे त्यावरून कळतं. १ म्हणजे आदर्श, दीडच्या आत म्हणजे उत्तम. २ असेल तर सुमारे ११ टक्के ताकद परत येते आणि ३ असेल तर २५ टक्के. ही परत आलेली ताकद रेडिओला तापवते. चांगले रेडिओ अशा वेळी आपोआप ताकद कमी करतात, साधे रेडिओ मात्र जळू शकतात.

मोजणी १४४, १४५ आणि १४६ वर करा. १४६ ला आकडा जास्त आणि १४४ ला कमी, म्हणजे काठी लांब आहे. थोडी कापायची. उलट असेल तर काठी आखूड आहे. कापताना एका वेळी दोन-तीन मिलिमीटरच. कापलेली काठी परत जोडता येत नाही!

मोजताना गाडी मोकळ्यावर उभी करा आणि दारं, डिकी बंद ठेवा. मीटर नसेल तर जवळच्या हॅम क्लबमध्ये विचारा. हातात मीटर घेऊन मदतीला येणारा माणूस तिथे हमखास भेटतो. तीनही ठिकाणी आकडा वाईट आला, तर काठीला हात लावू नका. दोष पत्र्याच्या जोडणीत किंवा कनेक्टरमध्ये शोधा.

शेवटचं, पण विसरू नका

पन्नास वॅटचा रेडिओ बोलताना दहा-बारा अँपिअर ओढतो. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर त्याचा भार टाकू नका. जाड वायर थेट बॅटरीपासून घ्या आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ लावा. नव्या गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर सेन्सर असतो. तिथे निगेटिव्ह वायर गाडीच्या सांगाड्याला जोडतात. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीत नारिंगी वायरींच्या वाटेलाही जाऊ नका.

बोलताना कुणी काठीला हात लावत नाही ना, ते बघा. पेट्रोल पंपावर रेडिओ बंद ठेवा. आणि परवाना? त्याशिवाय बोलणं गुन्हा आहे. हॅमचा परवाना ठरावीक पत्त्यावर मिळतो, त्यामुळे गाडीतून बोलायची परवानगी आहे का, हे परवान्यात आणि चालू नियमांत आधी तपासा. परवान्याची प्रत गाडीत ठेवा. टपावरची काठी बघून कुणी थांबवलंच, तर ती दाखवता येते.

तर मंडळी, बजेट कमी असेल तर साधी काठी घ्या, पण जागा, जोडणी, केबल आणि मोजणी यात काटकसर करू नका. एखाद्या पावसाळी रात्री दरड कोसळते, मोबाईलची रेंज जाते आणि कुणासाठी तरी ॲम्ब्युलन्स हवी असते. त्या वेळी गेनचा आकडा कुणी विचारत नाही. पलीकडून “तुमचा आवाज येतोय, बोला” एवढं ऐकू येणं महत्त्वाचं असतं.