दोन मिनिटांचे अंतर

विमानप्रवास म्हटला की शेकडो मैलांचे अंतर आणि काही तासांचा प्रवास डोळ्यांसमोर येतो. स्कॉटलंडच्या उत्तरेस असलेल्या ऑर्कनी द्वीपसमूहातील एक विमानसेवा मात्र या समजुतीला छेद देते. वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांवरील विमानतळांत अंतर आहे अवघे २.७ किलोमीटर. एडिनबरा विमानतळाची मुख्य धावपट्टीही जवळजवळ एवढीच लांब आहे! वेळापत्रकात या प्रवासासाठी दोन मिनिटे दिलेली असतात. वारा अनुकूल असताना तो ५३ सेकंदांतही पुरा झाल्याची नोंद आहे. जगातील सर्वांत कमी अंतराची नियमित प्रवासी विमानसेवा ती हीच.

१९६७ साली ही सेवा सुरू झाली, तेव्हापासून तिच्याकडे एक गंमत म्हणूनच पाहण्याची अनेकांची रीत आहे. केवळ विक्रमी प्रवास केल्याचे समाधान मिळावे म्हणून तेथे जाणारे प्रवासीही आहेत. परंतु ज्यांच्यासाठी हे आठ-दहा आसनांचे छोटे विमान उडते, त्यांना त्यात गंमत वाटण्याचे कारण नाही. पापा वेस्ट्रेची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ९० होती. बेटावर येणारे फिरते शिक्षक, डॉक्टर, कर्कवॉलच्या रुग्णालयात जाणारे रुग्ण, माध्यमिक शिक्षणासाठी घर सोडणारी मुले, या साऱ्यांचा हा रोजचा मार्ग आहे. दोन बेटांमध्ये होडी आहे, आणि ती सुमारे पंचवीस मिनिटांत पोहोचवते, हे खरे. पण उत्तरेकडील तो समुद्र खवळला की होडीचा भरवसा धरता येत नाही.

नव्वद माणसांच्या तिकिटांतून विमानाचा खर्च निघणार नाही, हे सांगावयास अर्थशास्त्रज्ञ नको. तूट सार्वजनिक पैशातून भरून काढावी लागते. मग ही उधळपट्टी नव्हे काय, असा प्रश्न कोणी विचारील. त्याला प्रतिप्रश्न असा, की गावच्या रस्त्याने आपला खर्च वसूल केला की नाही, याचा हिशेब आपण कधी मागतो काय? जेथे रस्ता होऊ शकत नाही तेथे विमान हाच रस्ता होय.

असा रस्ता नसला म्हणजे काय होते, याचे उदाहरणही स्कॉटलंडमध्येच आहे. पश्चिमेकडील सेंट किल्डा या दूरच्या बेटावरील लोकांना हिवाळ्यात महिनोन्‌महिने जगाशी संबंध ठेवता येत नसे. रोगराई आणि टंचाई यांनी गांजून शेवटी त्यांनी स्वतःच सरकारला विनंती केली, आणि २९ ऑगस्ट १९३० रोजी उरलेल्या ३६ रहिवाशांनी बेट कायमचे सोडले. शेकडो वर्षांची वस्ती एका दिवसात उठली.

पापा वेस्ट्रेवर आजही मुले जन्मतात, शेती होते, शाळा भरते. दोन मिनिटांच्या त्या उड्डाणाचा जमाखर्च मांडताना ही बाजूही वहीत लिहिली गेली पाहिजे.