घोड्यांबरोबर आलेला नट

हॉलिवूडच्या काउबॉय चित्रपटांचा विषय निघाला की जॉन वेन, गॅरी कूपर, जेम्स स्ट्यूअर्ट ही नावे आपोआप ओठांवर येतात. कॉलेजच्या दिवसांत वर्ग चुकवून मॅटिनीला बसलेल्या पिढीला नायकाची चाल, त्याची टोपी, त्याचे पिस्तूल हे सारे तोंडपाठ असते. पण त्या नायकाच्या शेजारी, अर्धे पाऊल मागे, घोड्यावर सैलसर बसलेला एक उंच, रुंद खांद्यांचा माणूस बहुतेक चित्रपटांत असे. तो फारसा बोलत नसे. नायक विचारी, ‘पुढे धोका आहे का?’ आणि तो क्षितिजाकडे पाहून दोन शब्दांत उत्तर देई. त्याचे नाव विचारले तर पुष्कळांना ते आठवणार नाही. ते नाव बेन जॉन्सन. अभिनयाचे ऑस्कर आणि रोडिओमधले जागतिक विजेतेपद हे दोन्ही मान मिळवणारा हा एकमेव माणूस.

या दोन मानांचे एकत्र येणे हा केवळ योगायोगाचा चमत्कार म्हणून सोडून देण्यासारखे नाही. जी कला मुळात खोट्यावर उभी होती, तिच्यात खरेपणा कुठून येत होता, या प्रश्नाचे उत्तर त्यात दडलेले आहे.

काउबॉय चित्रपट खोट्यावर उभा होता, हे प्रथम मान्य केले पाहिजे. इतिहासातला काउबॉय म्हणजे पगारी गुराखी. अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ मध्ये संपल्यावर टेक्ससमधील गुरांचे कळप कॅन्ससच्या रेल्वे स्थानकांपर्यंत हाकत नेण्याचे काम त्याच्याकडे आले. काटेरी तारेची कुंपणे, रेल्वेचा विस्तार आणि १८८६-८७ चा भीषण हिवाळा यांनी हे युग जेमतेम वीस वर्षांत आटोपले. काम धुळीचे, कंटाळवाणे आणि तुटपुंज्या मजुरीचे. ते बव्हंशी मेक्सिकन गुराख्यांकडून शिकलेले. ‘लासो’, ‘रँच’, ‘रोडिओ’ हे शब्ददेखील स्पॅनिशमधून आलेले. दर चार काउबॉयांत एक कृष्णवर्णीय असावा, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. पडद्यावर मात्र या वीस वर्षांचे महाकाव्य झाले. १९०३ च्या ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’पासून पुढे अर्धशतकाहून अधिक काळ ते महाकाव्य गायले गेले, आणि त्यातला गुराखी जवळजवळ नेहमीच गोरा, एकटा आणि पिस्तूलबाज राहिला. गुरे राखताना तो क्वचितच दिसला.

बेन जॉन्सनने मात्र गुरे राखली होती. त्याचा जन्म १३ जून १९१८ चा, ओक्लाहोमा राज्यातील ओसेज काउंटीमधल्या फोरेकर या लहानशा गावचा. वडील, तेही बेन जॉन्सनच, गुरांच्या मोठ्या रँचवर मुकादम आणि त्या मुलखातले नामांकित रोडिओपटू. मुलाच्या हाती लिहिण्याच्या पाटीइतक्याच सहजपणे फासाचा दोर आला. १९४० च्या सुमारास धनाढ्य निर्माता हॉवर्ड ह्यूज याला ‘द आउटलॉ’ या चित्रपटासाठी घोडे हवे होते. ते ओक्लाहोमातून खरेदी झाले आणि ते सांभाळून नेण्यासाठी तरुण जॉन्सन बरोबर गेला. घोड्यांच्या खेपेबरोबर आपण हॉलिवूडला पोहोचलो, असे तो पुढे आयुष्यभर हसत सांगत असे. रँचवर त्याला दिवसाला डॉलरभर मिळे. हॉलिवूडमध्ये पहिलाच चेक तीनशे डॉलरचा हाती पडला. परत जाण्याचा प्रश्नच उरला नाही.

पुढची काही वर्षे तो पडद्यावर होता आणि नव्हताही. नट घोड्यावर चढे. घोडा उधळण्याची किंवा कोसळण्याची वेळ आली की नटाचे कपडे चढवून जॉन्सन पुढे होई. प्रेक्षकांनी ज्या घोडदौडींना टाळ्या दिल्या, त्यांतल्या कित्येक दौडी अशा अनामिक माणसांच्या होत्या. १९४८ च्या ‘फोर्ट अपाची’च्या चित्रीकरणात तो हेन्री फोंडाच्या जागी स्वारी करीत होता. एका प्रसंगी गाडीचे घोडे अचानक उधळले. गाडीत तीन माणसे होती. जॉन्सनने आपला घोडा पिटाळला आणि गाडी थांबवली. दिग्दर्शक जॉन फोर्ड याने याचे चांगले बक्षीस मिळेल, असे त्याला सांगितले. जॉन्सनला वाटले, आणखी एखाद्या चित्रपटात स्वारीचे काम मिळेल. प्रत्यक्षात हाती पडला तो नट म्हणून सात वर्षांचा करार.

फोर्ड हा तुसडा आणि हुकूमशाही वृत्तीचा माणूस. पण माणसांची पारख त्याला होती. या मुलाला अभिनय शिकवण्याच्या भानगडीत तो पडला नाही. त्याला जे येत होते, तेच त्याने कॅमेऱ्यासमोर करावयास लावले. ‘शी वोअर अ येलो रिबन’ (१९४९) मधला सार्जंट टायरी आठवावा. कॅप्टनने मत विचारले की हे आपल्या कामात बसत नाही, अशी कुरकुर तो आधी करतो आणि मग नेमके, अचूक मत देतो. शायेन स्वारांनी पाठलाग केल्यावर खडकाळ मैदानातून त्याने मारलेली दौड पाहताना लक्षात येते की येथे कोणताही आव नाही. स्वार आणि घोडा यांच्यात एक जुनी समजूत आहे, आणि कॅमेरा फक्त तिचा साक्षी आहे. ‘रिओ ग्रांदे’ (१९५०) मध्ये तर दोन घोड्यांच्या पाठीवर एकेक पाय ठेवून, उभ्याने, तो अडथळ्यावरून उडी घेतो. त्याच वर्षीच्या ‘वॅगन मास्टर’मध्ये फोर्डने त्याला नायकाची जागा दिली. हा चित्रपट सुरेख आहे, पण त्यातून जॉन्सन तारा झाला नाही. तारा होण्यासाठी लागणारी स्वतःकडे पाहण्याची सवय त्याला नव्हतीच.

‘रिओ ग्रांदे’च्या वेळी फोर्डशी त्याचा खटका उडाला. फोर्डचा शब्द हॉलिवूडमध्ये मोडला जात नसे. जॉन्सनला अपमान गिळता येत नसे. त्यानंतर फोर्डने त्याला थेट १९६४ च्या ‘शायेन ऑटम’मध्ये घेतले. स्वाभिमानाची किंमत म्हणून ही दीर्घ वर्षे लहान नव्हेत.

१९५३ साली त्याने आणखी एक गोष्ट केली, जी व्यवहारी माणसाला वेडेपणाची वाटेल. हातातली चित्रपटाची कामे बाजूला ठेवून तो वर्षभर रोडिओच्या मैदानात उतरला. वडील विजेते होते. आपल्यालाही ते जमते का, हे त्याला पाहावयाचे होते. टीम रोपिंग या प्रकारात धावत्या गोऱ्ह्याच्या शिंगांत एक स्वार फास टाकतो आणि मागच्या पायांत दुसरा. अवघ्या काही सेकंदांचा हा खेळ. वर्षअखेर तो त्यातला जागतिक विजेता ठरला. पदरी पडले काय? झिजलेली मोटार आणि रागावलेली बायको, असा हिशेब तोच सांगे. खिसा रिकामा झाला होता. तो निमूटपणे हॉलिवूडला परतला आणि जी मिळतील ती दुय्यम कामे करू लागला.

या दुय्यम कामांकडे नीट पाहिले पाहिजे. ‘शेन’ (१९५३) मधला त्याचा क्रिस कॅलोवे आधी नायकाच्या अंगावर दारू ओततो, मार खातो आणि अखेर मनाने पालटून त्याच नायकाला कारस्थानाची सूचना देण्यासाठी येतो. दोन-तीन प्रसंगांत एक संपूर्ण माणूस उभा राहतो. ‘वन-आइड जॅक्स’ (१९६१) मध्ये त्याने कावेबाज गुन्हेगार रंगवला. सॅम पेकिन्पाच्या ‘द वाइल्ड बंच’ (१९६९) मध्ये तो दरोडेखोर गॉर्च बंधूंपैकी एक होता. विल्यम होल्डन, अर्नेस्ट बॉर्गनाइन, वॉरन ओट्स आणि जॉन्सन हे चौघे बंदुका घेऊन आपल्या मरणाकडे चालत जातात, ते दृश्य म्हणजे एका अर्थाने साऱ्या काउबॉय चित्रपटाचीच अंत्ययात्रा होती.

आणि मग ‘द लास्ट पिक्चर शो’ आला. लॅरी मॅकमर्ट्री याच्या कादंबरीवरून पीटर बोग्दानोविच याने १९७१ साली केलेला हा कृष्णधवल चित्रपट. टेक्ससमधले उजाड, वारा खाणारे गाव. काळ १९५०च्या आगेमागे. गावातील चित्रपटगृह, खाणावळ आणि बिलियर्डचा अड्डा या तिन्हींचा मालक म्हणजे सॅम द लायन. जॉन्सनने ही भूमिका आधी नाकारली. संवाद फार आहेत, आणि त्यात शिव्या फार आहेत, अशी त्याची तक्रार. बोग्दानोविचने जॉन फोर्डला मध्ये घातले. म्हाताऱ्या फोर्डने गळ घातली आणि जॉन्सन तयार झाला. मात्र आपल्या तोंडचे अर्वाच्य शब्द आपण काढून घेतले, असे तो सांगत असे.

पडद्यावर सॅम जेमतेम दहा मिनिटे दिसतो. गावातली पोरे एका मुक्या, मतिमंद मुलाची क्रूर थट्टा करतात, तेव्हा तो आरडाओरडा करीत नाही. आपल्या तिन्ही जागांची दारे तो त्यांना बंद करतो, इतकेच. त्याच्या आवाजातली निराशा कुठल्याही शिक्षेपेक्षा जड आहे. पुढे तळ्याकाठी बसून तो तरुणपणच्या एका प्रेमाची आठवण सांगतो. हातवारे नाहीत, अश्रू नाहीत. आयुष्यभर कमी बोललेला माणूस एकदाच बोलतो आहे, असे वाटते. सॅम मरतो तोही पडद्याआड. त्यानंतर गावातले चित्रपटगृह बंद पडते; घराघरात दूरचित्रवाणी आलेली असते. तेथे दाखवला जाणारा शेवटचा चित्रपट कोणता? जॉन वेनचा ‘रेड रिव्हर’, गुरांचे कळप हाकण्याची कथा. १० एप्रिल १९७२ रोजी या भूमिकेसाठी जॉन्सनला सहायक अभिनेत्याचे ऑस्कर मिळाले.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. काउबॉय चित्रपटांतले मोठे खोटे अशा माणसांनी धुऊन निघते काय? निघत नाही. जॉन्सन जेथे जन्मला, तो ओसेज आदिवासींचा मुलूख. तेथे तेल सापडले, ओसेज श्रीमंत झाले आणि त्याच्या बालपणीच, १९२० च्या दशकात, त्या तेलाच्या वाट्यासाठी गोऱ्या शेजाऱ्यांनी ओसेज कुटुंबांत खून पाडले. काउबॉय चित्रपटाच्या बहरकाळाने या कथेकडे जवळजवळ पाठच फिरवली. ती मोठ्या पडद्यावर पूर्णपणे मांडली गेली ती मार्टिन स्कोर्सेसीच्या २०२३ मधील ‘किलर्स ऑफ द फ्लॉवर मून’मध्ये, म्हणजे जॉन्सनच्या मृत्यूनंतर सत्तावीस वर्षांनी. फोर्डच्या चित्रपटांत मॉन्युमेंट व्हॅलीतील नावाहो लोकांनी कधी अपाची, कधी शायेन म्हणून गोळ्या खाल्ल्या. ‘शायेन ऑटम’मध्ये फोर्डने प्रायश्चित्ताचा प्रयत्न केला, पण तेथेही प्रमुख शायेन भूमिका बाहेरच्या नटांकडेच गेल्या. सुंदर स्वारीला दाद देताना हे विसरणे म्हणजे आपलीही फसवणूक करून घेणे होय.

तरीसुद्धा एक गोष्ट शिल्लक राहते. कथा खोटी होती. पण खोगीर कसताना, दोर गुंडाळताना, थकल्या घोड्यावरून उतरताना दिसणारे हात खरे होते. ज्याला काम येते, त्याच्या हालचालीत एक प्रतिष्ठा असते आणि ती लेखकाला लिहून देता येत नाही. आपल्याकडे १९७५ च्या ‘शोले’ने काउबॉय चित्रपटाचे घोडे, पिस्तुले आणि डोंगर उचलले. प्रेक्षकांच्या जिभेवर मात्र गब्बरइतकाच सांभाही राहिला, ज्याच्या वाट्याला इनेगिने शब्द आले होते, हे येथे आठवावे.

जॉन्सन ८ एप्रिल १९९६ रोजी ॲरिझोनात वारला. १९४१ पासूनचा त्याचा संसार १९९४ मध्ये पत्नीच्या मृत्यूनेच संपला होता; तोही हॉलिवूडमध्ये विक्रमच म्हणावयाचा. ज्या रँचवर वडिलांनी मुकादमी केली, तेथील बराचसा माळ आज संरक्षित गवताळ प्रदेश आहे. ऑस्करनंतर आपल्याला अभिनय कळू लागला, असा दावा त्याने कधी केला नाही. आपण बेन जॉन्सनच वठवतो, एवढेच तो म्हणे. कचेरीत, शाळेत, कारखान्यात पहिल्या रांगेची इच्छा न धरता आपले काम चोख करणारी जी असंख्य माणसे असतात, त्यांना या वाक्यातला विनय आणि त्यामागचा ताठा दोन्ही समजतील. दहा मिनिटांची भूमिका मिळाली, तर ती उभी करण्याइतके आयुष्य आपल्या गाठी असले पाहिजे, एवढेच त्याच्या कारकिर्दीचे सांगणे आहे.